शिकारीची मोटार आणि दादांची जागा

लोक मोटार घेतात ती कुठं तरी जायला. मी घेतली ती माझ्या थोरल्या भावानं कुठं जाऊ नये म्हणून. वकिलीत मी पुष्कळ डाव टाकले, त्यातले निम्मे माझ्याच अंगावर आले. पण हा डाव चुकेल असं काही मला वाटलं नव्हतं.

हैदराबाद राज्याची तेव्हा वाटणी चालली होती. तेलुगू जिल्हे आंध्राकडे, कानडी म्हैसूरकडे, आणि आमचे पाच मराठी जिल्हे मुंबईकडे. जिल्हे बिचारे जागचे हलत नाहीत, त्यांना वाटणं सोपं. दफ्तरातल्या माणसांचं काय करायचं? म्हणून सरकारी नोकरीतल्या प्रत्येकाला एक छापील कागद आला, की तुम्ही कोणत्या राज्यात जाऊ इच्छिता ते लिहा. दादा मालगुजारीच्या, म्हणजे महसुलाच्या, दफ्तरात होते. त्यांचा कागद शेरवानीच्या आतल्या खिशात गेला आणि पुढं त्याचं काय झालं हे घरात कुणाला कळलं नाही. विचारायची छाती कुणाची नव्हती. मी भर इजलासात मुन्सफाला आडवं बोललेला माणूस, पण दादांपुढं उभा राहिलो की माझी जीभ पाचवीतल्या पोराची व्हायची. ते माझ्यापेक्षा अकरा वर्षांनी मोठे. वडील गेले तेव्हा मी शाळेत होतो. माझी फी त्यांनी भरली, वकिलीची पाटी त्यांनी रंगवून आणली, बायको त्यांनी पाहिली. मी फक्त हो म्हणालो.

बरकतपुऱ्याच्या घरात आम्ही बाराजण. आई; दादा, वहिनी, त्यांचा कॉलेजात जाणारा मुलगा आणि दोन मुली; मी, माझी बायको आणि आमची चार. तेरावं पोटात. लग्नाकार्याला निघायचं तर तीन टांगे लागत, आणि शेवटच्या टांग्यात कोण बसलं ते पोचल्यावरच कळे. एकदा आमचा तिसरा घरीच राहिला आणि आम्ही दुसऱ्याच कुणाचं पोर जेवू घालून, न्हाऊमाखू घालून दोन दिवसांनी परत केलं. बायको म्हणते दोन दिवस नव्हे, दोन तास. असेल. पोर मात्र जायला तयार नव्हतं, एवढं खरं.

दादांची एकच कमजोरी होती, मोटार. दौऱ्यावर असताना जीपचा ड्रायव्हर तापानं पडला, तेव्हा तीन दिवसांत ते चालवायला शिकले होते. तेव्हापासून रस्त्यावरून जाणारी मोटार ते न बघता, नुसत्या आवाजावरून ओळखायचे. आणि मला सायकलसुद्धा धड येत नव्हती. माझा डाव या दोन गोष्टींवर उभा होता. मोटार घ्यायची मी, चालवायची दादांनी. सगळ्या घराची मोटार आणि चालवणारा एकटा. असा माणूस औरंगाबादला निघून जाईल कसा?

बायकोला सांगितलं तर तिनं निवडता निवडता सुपातून मान वर केली. "अहो, ते तुमचे भाऊ आहेत, अशील नाहीत."

"म्हणजे?"

"म्हणजे विचारा ना सरळ. एवढं मोठं लोखंड घरात कशाला आणायचं?"

पण सरळ विचारलं आणि सरळ उत्तर आलं तर? त्यापेक्षा लोखंड बरं.

मी दादांना म्हणालो, "मोटार घ्यावी म्हणतो. तुम्ही बघून दिलीत तर." त्यांनी हातातला पेपर खाली ठेवला. बारीकसारीक गोष्टीला पेपर खाली ठेवणारा तो माणूस नव्हता. मी मनातल्या मनात खटला जिंकला.

दोन मोटारी नजरेत होत्या. एक बुटकी, चकचकीत, दोन दरवाजांची. मालक आमच्याच गल्लीत आणून दाखवून गेला. तिच्यात बसल्यावर माझ्यासारखा काळा ढुस्स माणूससुद्धा नट वाटायचा. दादा तिच्याभोवती एकदा फिरले आणि म्हणाले, "सुंदर आहे. पण आईचे गुडघे हिच्यात मावायचे नाहीत." निकाल लागला.

दुसरी होती नामपल्लीच्या मागच्या एका देवडीत, म्हणजे नवाबी हवेलीत. तिथले नवाबसाहेब माझे अशील. जागीर गेली होती, मोबदल्याचं प्रकरण माझ्याकडं होतं, आणि देवडीतली एकेक वस्तू मागच्या दारानं बाहेर पडत होती. ही त्यांची शिकारीची मोटार. परदेशी बनावटीची. पुढून पाहाल तर लांब नाकाची, गडद हिरवी, तोंडावर जाळीची एवढी रुपेरी कवळी की समोरची म्हैस बाजूला व्हावी. आणि ड्रायव्हरच्या मागं एकदम लाकडाचं घर! मधाच्या रंगाच्या फळ्या, गुळगुळीत, पितळी कड्या, आणि मागं आडवा बाक. खिडक्यांना जांभळे पडदे, बेगमांसाठी. या मोटारीतून तीन वाघ आले होते असं मला त्यांच्या मुन्शीनं सांगितलं. मी घरी सांगताना ते सात झाले.

आम्ही तिला बघायला सगळेच्या सगळे गेलो. आमच्यात वस्तू निवडताना माणसं मोजत नाहीत, बसवून बघतात. पंगतीचे पाटसुद्धा आई तसेच विकत घ्यायची. मी आदल्या दिवशी कागदावर जागा लिहून काढल्या होत्या, वयाच्या क्रमानं. पुढं दादा, चालवणार. शेजारी आई. मध्ये वहिनी, माझी बायको आणि त्यांच्या मांडीवरची. मागच्या बाकावर मोठी मुलं आणि मी. कागद त्याच रात्री दादांच्या हातात दिला. त्यांनी चष्मा लावून तो दफ्तरातल्या अर्जासारखा वाचला, चार घड्या घातल्या आणि खिशात ठेवला.

"बघतो," म्हणाले.

अंगणात खुर्च्या मांडल्या होत्या, सरबत आलं. बायका मोटारीत चढत होत्या तोवर नवाबसाहेब आंब्याच्या झाडाकडं तोंड करून बसले. तसाच रिवाज. मी म्हणालो, "हुजूर, गाडी बहोत उम्दा है."

"आप को पसंद है तो आप ही की है, वकीलसाब."

नवख्या माणसानं अशा वेळी किल्ली खिशात घातली असती. पण आम्ही त्याच शहरात वाढलेले. दादा अदबीनं झुकले. "हुजूर, ये तो आप ही के दरवाजे पर जचती है." तीन वेळा त्यांनी दिली, तीन वेळा आम्ही परत केली. मग मुन्शीनं किमतीची चिठ्ठी सरबताच्या पेल्याखाली पालथी सरकवली, आणि त्या विषयावर दोन्ही बाजूंनी पुढं कुणीही तोंड उघडलं नाही.

निघताना मात्र नवाबसाहेबांनी दादांकडं बघून विचारलं, "सुना है, आप के लोगां सब जा रहे. आप भी?"

दोन महिने आमच्या घरातल्या बारा तोंडांत अडकलेला प्रश्न त्या म्हाताऱ्यानं पानाचा विडा मागावा तसा विचारून टाकला. मोटारीतल्या पडद्यामागचा गलबला एकदम थांबला.

"जहाँ का हुक्म होगा, हुजूर," दादा म्हणाले.

"हौ. हुक्म तो अब जमीनां को भी आ रहे," नवाबसाहेब म्हणाले, आणि पुन्हा आंब्याकडं वळले.

दादा मग शेरवानी काढून मोटारीखाली शिरले. इंजिन चालू करून त्याला कान लावला. मागचा बाक काढून पाहिला, परत बसवला, छत्रीनं मागची लांबी मोजली. "ही घे," म्हणाले. "बाक थोडा हलतोय, तो पक्का करून घे. लहान गाडी घेऊ नकोस. तुला पुढं जागा लागेल."

तुला लागेल. मी ऐकलं, पण मी पाहत होतो त्यांचे हात. स्टिअरिंगवर ते असे बसले होते, जसे आईचे हात जात्याच्या खुंट्यावर. ज्याला जायचंय तो माणूस असा कशाला बसेल?

येताना आई मागं बायकांत बसली, मी पुढं दादांच्या शेजारी, आणि मुलींनी हट्टानं सगळे पडदे ओढले. नामपल्लीच्या चौकात पोलिसानं शिट्टी फुंकून टांगे अडवले आणि कुणा नवाबाचा जनाना जातोय असं समजून पाठ फिरवून उभा राहिला. आत आमची आई मांडीवर शिदोरीचं गाठोडं घेऊन बसलेली. ती एवढी हसली की तिला ठसका लागला. मी सांगतो तेव्हा पोलीस सलामही ठोकतो. तो ठोकला नव्हता. पण आई हसली होती. वडील गेल्यावर तशी हसताना मी तिला तेव्हाच पाहिलं.

वहिनी माझ्या मागून म्हणाल्या, "भावजी, हिच्यात संसार मांडता येईल बघा. चूल तेवढी राहिली."

"चूल पण बसवू, वहिनी. तुम्ही फक्त उतरू नका."

त्या हसल्या नाहीत. पडद्याची किनार बोटानं चाचपत राहिल्या.

मोटार दारात उभी राहिली. आईनं चाकांवर पाणी घातलं, हळदकुंकू लावलं, चारी चाकांखाली लिंबं ठेवली. आता नारळ. आमच्या घरात नवी वस्तू आली की नारळ थोरल्यानं फोडायचा. वडिलांच्या मागं तो दादांनीच फोडला. शिवणाच्या यंत्राचा, विहिरीवरच्या पंपाचा, माझ्या पाटीचा. ही वस्तू कुणाच्या पैशानं आली याला काही किंमत नाही. थोरला घरात असताना धाकट्यानं नारळाला हात लावायचा नाही. थोरला दौऱ्यावर असेल तर वस्तू चार दिवस पोत्याखाली झाकून ठेवायची, पण नारळ त्याचाच. पंप असा आठ दिवस झाकून होता आणि आम्ही आठ दिवस पोहऱ्यानं पाणी ओढलं.

आईनं नारळ दादांच्या हातात दिला. त्यांनी शेंडी नीट केली, नारळ कपाळाला लावला, दोन पावलं चालत माझ्याजवळ आले आणि तो माझ्या हातावर ठेवला.

"फोड," म्हणाले.

माझ्या धाकटीलासुद्धा कळलं असावं, काही तरी उलटं झालंय. आई खांबाला धरून उभी होती. तिनं पदर तोंडाशी नेला आणि तिथंच ठेवला.

"दादा, तुम्ही असताना?"

"मी असताना फोडलेला बरा. चुकलं तर सांगता येईल."

मी फोडला. पहिल्या घावात फुटला नाही, दुसऱ्यात नाही. तिसऱ्यात फुटला आणि पाणी माझ्याच पायावर सांडलं. अशा वेळी मी हमखास काही तरी विनोद करतो. तेव्हा सुचला नाही.

मग त्यांनी खिशातून माझा कागद काढला. चार घड्यांचा, घामानं मऊ झालेला. दफ्तरात वापरायची ती लाल-निळी पेन्सिल त्यांनी त्यावर चालवली होती. चालवणार म्हणून जिथं ते होते तिथं लाल रेघ, आणि वर निळ्या अक्षरात 'धाकटे'. वहिनींच्या नावावर रेघ, दोन्ही मुलींवर रेघ. त्यांच्या मुलाला बाकावरून काढून मधल्या जागेवर आणलं होतं आणि बाजूला लिहिलं होतं, 'कॉलेज पुरे होईतो काकाकडे'. आईची जागा तशीच. खाली एक नवी ओळ होती, 'येणारे मूल, आईच्या मांडीवर'. असा नीटनेटका हुकूम त्यांच्या हातून आयुष्यात दुसरा निघाला नसेल.

"कागद भरलात?" मी विचारलं. दोन महिन्यांनी विचारलं.

"पहिल्याच आठवड्यात."

"मला सांगितलं नाहीत."

"तू मोटार घ्यायला निघालास. म्हटलं, घेऊ दे. तशीही लागणारच होती." ते पायरीवर बसले. "माझी सगळी हयात उर्दू मिसली लिहिण्यात गेली. आता तेलुगूत मी काय लिहिणार? पेन्शनीला सहा वर्षं राहिलीत. तिकडं निदान सातबारा तरी माझ्या भाषेत असेल."

"मी येतो तिकडं. वकिली काय, कुठंही होते."

"तुझे अशील सगळे इथले. आणि आई इथून हलणार नाही. मी विचारलंय तिला."

म्हणजे आईला ठाऊक होतं. वहिनींना ठाऊक होतं, मुलाला ठाऊक असणार. पडद्यामागं सगळे गप्प झाले होते ते उत्तर ऐकायला नव्हे. मी ऐकेन म्हणून गप्प झाले होते. घरात अजाण असा मी एकटाच, आणि डाव टाकलेलाही मी एकटाच.

"मग ही एवढी मोठी कशाला घ्यायला लावलीत?" मी चिडून म्हणालो. "चारजण कमीच होणार होते ना?"

"आईचे गुडघे," दादा म्हणाले. "आणि दिवाळीला आम्ही यायचं ते काय टांग्यानं?"

दुसऱ्या दिवसापासून शिकवणी. नामपल्लीचं प्रदर्शनाचं मैदान वर्षातले बरेच महिने रिकामं असायचं. दफ्तर सुटलं की दादा मला तिथं नेत. मी स्टिअरिंगला, ते शेजारी मांडीवर छत्री घेऊन. मी त्या मैदानात काय काय केलं ते माझ्या मुलांना पाठ आहे. शेळ्यांचा कळप मी दोन भागांत वाटला, भाषेप्रमाणे. एका चहावाल्याचा चहा मी चालत्या मोटारीतून प्यायलो आणि पेला परतही केला. खरं एवढंच, की मला येत नव्हतं. दादा कधी ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं. मी शिकायला जेवढे दिवस लावीन तेवढे दिवस ते राहतील, असं एक खूळ माझ्या डोक्यात होतं. म्हणून आलेलंही मी विसरत होतो. त्यांनी हुकुमाची तारीख सांगितली तेव्हा ते खूळही गेलं.

निघायच्या दिवशी सामान हातगाडीवरून पुढं गेलं. बरकतपुऱ्याहून काचीगुड्याचं स्टेशन चालत पंधरा मिनिटं. पण आई म्हणाली, "थोरला आपल्या मोटारीनं जाईल." गाडी संध्याकाळची होती. मी स्टिअरिंगला, शेजारी आई. मध्ये दोघी जावा आणि मुली. मागच्या बाकावर दादा, त्यांचा मुलगा आणि माझी पोरं. दादा माझ्या जागेवर बसले होते. तीच जागा मी कागदावर स्वतःला दिली होती.

वहिनी माझ्या बायकोला सांगत होत्या, लोणच्याची बरणी कुठं आहे, आईचं काढ्याचं औषध कधी द्यायचं. आवाज अगदी बाजारातून आल्यासारखा. सांगून संपलं की पहिल्यापासून सांगायला लागत.

मोटार तीनदा बंद पडली. पहिल्यांदा गल्लीच्या वळणावर. मुलं हसली, मी पण हसलो. दुसऱ्यांदा चौरस्त्यावर. तिसऱ्यांदा स्टेशनच्या भिंतीला लागून, जिथून डब्यांची टपं दिसतात तिथं. पहिल्यांदा ती पडली माझ्या अडाणीपणानं. दुसऱ्यांदा आणि तिसऱ्यांदा मी मुद्दाम बंद पाडली. आयुष्यभर मी लोकांना वाढवून सांगत आलो. हे एवढं मात्र कुणाला सांगितलेलं नाही, बायकोलाही नाही. गाडी चुकली तर एक दिवस मिळेल, एवढंच डोक्यात होतं. चावी फिरवायची आणि क्लचवरचा पाय झटक्यानं उचलायचा.

मागचा दरवाजा उघडल्याचा आवाज आला. दादा उतरून माझ्या खिडकीशी आले. त्यांनी आधी माझ्या पायाकडं पाहिलं, मग माझ्याकडं.

"मोटारीत बिघाड नाही," ते हळूच म्हणाले, आईला ऐकू जाणार नाही असं.

"नाही," मी म्हणालो.

"मग चल. आईला अंधाराच्या आत घरी न्यायचंय तुला. तुला दिवे लावायचं शिकवायचं राहिलंय."

त्यांनी खिडकीच्या लाकडी चौकटीवरची धूळ रुमालानं पुसली आणि जाऊन मागं बसले. मी पाय सावकाश उचलला. मोटार स्टेशनच्या दारापर्यंत एकदाही अडली नाही.

गाडी सुटल्यावर आम्ही परत फिरलो. मध्ये बायकोशेजारच्या जागा रिकाम्या होत्या, तरी पोरं मागच्या बाकावर दाटीनंच बसली. पुतण्या तेवढा पुढं येऊन मध्ये बसला, कागदावर होता तिथं. ऊन घरांच्या गच्च्यांवर चढलं होतं. आई समोर बघत होती आणि अधूनमधून म्हणत होती, "सांभाळून."

अंधाराच्या आत मी तिला घरी आणलं.